माझ्या पोटातल्या सहा वह्या

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा आवाज मोठा आहे. घडघड, घडघड. मी सुरू झालो की घरातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात, टीव्हीचा आवाज वाढवतात आणि वर शिव्या मलाच देतात. पण नागपूरच्या उन्हाळ्यात मला बंद करायची कुणाची छाती होत नाही. मी एक जुना कूलर आहे, टिनाचा. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर आहे. त्या घराच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत मी बावीस वर्षं उभा आहे.

माझा जन्म एका टिनवाल्याच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर झाला. त्यानं पत्रा कापला, ठोकला, वाकवला. तीन बाजूंना जाळ्या लावल्या, चौथ्या बाजूला पंखा बसवला, तळाशी पाण्याची टाकी केली आणि टाकीत मुठीएवढा पंप ठेवला. जाळ्यांत वाळ्याच्या ताट्या बसवायच्या. पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून ओघळतं, आणि पंखा त्या ओल्या वाळ्यातून हवा ओढून घरात सोडतो. एवढंच माझं शास्त्र. फार हुशार म्हणून मला कुणी कधी नावाजलं नाही.

मला विकत घ्यायला नागसेनभाऊ आले तेव्हा त्यांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून पाच वर्षांची भावना आली होती. टिनवाल्यानं मला चालवून दाखवलं. भावना धावत आली, पंख्यापाशी तोंड नेऊन 'आऽऽऽ' म्हणून ओरडली. तिचा आवाज तुकडे तुकडे होऊन परत आला. ती खिदळायला लागली. नागसेनभाऊ गंभीरपणे म्हणाले, "ऐकलं का वं? अंतराळयानातून असाच आवाज येत असल." टिनवाल्यानं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मला मात्र फार अभिमान वाटला. तोवर मी फक्त एक डबा होतो.

नागसेनभाऊ शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्टी लिहितात. ट्रकमध्ये कोणता माल चढला, कुठून निघाला, कुठं जाणार, ते लिहून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा कागद म्हणजे बिल्टी. दिवसभर हे. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे आणि विज्ञानकथा वाचायच्या. त्यांचा नाद तसा जुनाच. दर रविवारी रद्दीच्या दुकानातून जुनी मासिकं शोधून आणायची. एखाद्या कथेत चंद्रावर स्फोटाचा आवाज ऐकू आला असं आलं की संपादकांना पत्र टाकायचं, 'महोदय, चंद्रावर हवा नाही, मग आवाज कसा आला?' अशी पत्रं किती लिहिली त्याला गणती नाही. एका नातेवाइकाच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मित्रांना थांबवून समजावलं, की वजन नसलेल्या जागी लग्न लागलं तर गळ्यातले हार गळ्यात राहणार नाहीत, तरंगत निघून जातील. मित्र हसले. मग सगळा मांडव हसला.

गल्लीत त्यांना म्हणायचे, "नागसेनभाऊ माणूस लाखाचा, पण थोडा सटकेल हाये."

मित्रांनो, या गल्लीचा न्याय मला कधी कळला नाही. समोरच्या घरातले गृहस्थ भारताची बॅटिंग सुरू असली की जागेवरून हलत नाहीत, लघवीलासुद्धा उठत नाहीत. का, तर उठलं की विकेट पडते. त्यांना कुणी सटकेल म्हणत नाही. शेजारच्या बाई मालिकेतल्या सुनेला सासूनं घराबाहेर काढलं म्हणून एक दिवस जेवल्या नाहीत. त्या हळव्या. एक जण चाळीस कबुतरं पाळतो आणि प्रत्येकाला नावानं हाक मारतो, तो शौकीन. आणि नागसेनभाऊ दुसऱ्या एका ग्रहावरच्या माणसांची काळजी करतात, म्हणून ते सटकेल! माझा पत्रा तापायचा हे ऐकून. पण कूलरला विचारतं कोण.

ती दुसऱ्या ग्रहावरची माणसं कोण, ते सांगतो. नागसेनभाऊ नुसते वाचत नव्हते, लिहीतही होते. गोदामात बॉलपेननं कार्बनवर दाबून दाबून लिहायचे, म्हणून घरी मुद्दाम शाईचा पेन वापरायचे. निळी शाई. तीस वर्षांत सहा जाड वह्या भरल्या, आणि सहाही वह्यांत मिळून एकच गोष्ट. एक ग्रह आहे. त्याच्या एका बाजूला इतकं ऊन की दगड वितळतो, दुसऱ्या बाजूला इतका गारठा की श्वास गोठतो. मधे फक्त एक अरुंद सावलीचा पट्टा आहे, आणि तो हळूहळू पुढं सरकतो. म्हणून तिथली माणसं आयुष्यभर ट्रकमध्ये राहतात आणि सावलीबरोबर चालत राहतात. ट्रकमध्येच जन्म, ट्रकमध्येच लग्न. त्यांचा नियम एकच, कुणासाठी थांबायचं नाही. जो थांबला त्याला ऊन गाठतं. गोष्टीत गोविंदा नावाचा एक म्हातारा ड्रायव्हर आहे. सगळ्या वस्तीचं पाणी त्यानं आयुष्यभर वाहिलं. आणि एक दिवस नेमका त्याचाच ट्रक बंद पडतो.

रविवारच्या दुपारी जेवण झालं की नागसेनभाऊ माझ्यापुढं चटई टाकून बसायचे आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे. माझ्या घडघडीत त्यांचा आवाज शेजारी जायचा नाही, हा त्यांना फायदा. त्यांच्या पत्नी इंदूबाई बाजूला आडव्या व्हायच्या आणि दोन पानांत घोरायला लागायच्या. भावना मात्र बापाच्या मांडीवर हनुवटी ठेवून ऐकायची. "बाबा, ट्रकमध्ये शाळा असते का? बाबा, तिकडं कूलर असते का?" नागसेनभाऊ माझ्याकडे पाहून म्हणायचे, "असते ना. याच्यापेक्षा मोठा, अन् बिनआवाजाचा." घ्या! तरी मी थंड हवाच दिली.

मग भावना आठवीत गेली. वर्गातल्या पोरींना कुठून तरी कळलं आणि त्यांनी तिला 'एलियनची पोरगी' म्हणायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी ती चटईवर आली नाही. "मला अभ्यास आहे," म्हणाली. गोष्ट तेव्हा गोविंदाचा ट्रक बंद पडला तिथवर आली होती. नागसेनभाऊंनी दोन-तीन रविवार वाट पाहिली. त्यानंतर ते माझ्यासाठीच वाचायला लागले. पुढची तेरा वर्षं ती गोष्ट ऐकणारा मी एकटा होतो.

गेल्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. त्या दुपारी त्यांनी शेवटचं पान वाचलं. वाचून झाल्यावर वही मिटली. त्यांचे डोळे भरून आले होते. "झालं गा," ते मला म्हणाले. "आता भावनाचं लग्न झालं की तिले पूर्ण वाचून दाखवतो. आता ती मोठी झाली, आता नाही लाजणार."

भावना एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. चांगली पोरगी, कामाची, मनानं हळवी. पण तिचं पहिलं स्थळ मोडलं होतं, आणि तेही बापामुळं. झालं असं की बघायला आलेल्या मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "ड्युटी झाल्यावर काय करता जी?" झालं! नागसेनभाऊ पाऊण तास बोलले. दुसऱ्या ग्रहावर वस्ती कशी होईल, प्यायला पाणी कुठून येईल, सगळं. पोहे गार झाले. शेवटी मुलालाच विचारलं, "तिकडं वस्ती झाली तर तू जाशील का गा? पोरीले नेशील का संग?" मंडळी हसत हसत गेली आणि चौथ्या दिवशी निरोप आला, पोरगी चांगली हाये, पण बाप सटकेल हाये, उद्या नातवंडं तशीच निघाली तर? इंदूबाईंनी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. "तुमच्या त्या कहाण्यांपायी पोरगी घरातच राहीन!" नागसेनभाऊ भिंतीकडे पाहत बसले. भावना नेहमीसारखी लॅबला निघून गेली, आणि ते त्यांना जास्त लागलं.

या जानेवारीत दुसरं स्थळ आलं. कुहीचा रोशन. गावात धानाची शेती आणि बी-बियाण्यांचं दुकान. भावनाला तो आवडला होता, हे तिच्या दोनदा वेणी घालण्यावरून मलाही कळलं. मंडळी येणार त्या सकाळी ती बापाजवळ आली. तिची नजर जमिनीवर होती.

"बाबा, एक मागू?"

"माग ना वं."

"आजच्या दिवस चारचौघांसारखे राहा ना."

नागसेनभाऊ हसले. "हो वं. त्यात काय हाये एवढं."

हिवाळ्यात आमच्या नागपुरात कूलरचं पोट म्हणजे घरातलं आणखी एक कपाट असतं. पाणी नाही, काम नाही, वरून जुनी चादर पांघरलेली. कुणी त्यात कांदे ठेवतं, कुणी पोरांची बॅट, कुणी दिवाळीचा आकाशकंदील. नागसेनभाऊंनी बाहेरच्या बाजूनं माझी एक ताटी काढली. तळाशी पेपर अंथरला. आधी मासिकांचे गठ्ठे ठेवले, त्यावर भावनाच्या एका जुन्या ओढणीत बांधून त्या सहा वह्या. भिंतीवरचं फळीकपाट रिकामं झालं, तिथं इंदूबाईंनी लगेच प्लास्टिकची फुलं मांडली. नागसेनभाऊंनी माझ्या पत्र्यावर थाप मारली. "सांभाळ गा थोडे दिवस." मित्रांनो, खरं सांगतो, माझी छाती फुगली. आजवर माझ्या पोटात पाणी असायचं, आता तीस वर्षांची मेहनत होती.

मंडळी आली. रोशनच्या आई देवकीबाई बोलक्या होत्या. नागसेनभाऊ मात्र 'हो जी', 'नाही जी' यापलीकडे गेले नाहीत. यंदा थंडी बरी आहे म्हणाले, तुरीच्या शेंगा महाग झाल्या म्हणाले. ड्युटीनंतर काय करता, हा प्रश्न आलाच. ते म्हणाले, "काही नाही जी, टीव्ही पाहतो." जाताना देवकीबाई इंदूबाईंना म्हणाल्या, "पोरीचा बाप सज्जन हाये, जास्त बोलत नाही." लग्न ठरलं. त्या संध्याकाळी घरात सगळे खूश होते. नागसेनभाऊही खूश होते, मी पाहिलं आहे.

वह्या मात्र त्यांनी बाहेर काढल्या नाहीत. कपडे, पत्रिका, नातेवाइकांचं येणं-जाणं, घरात रोज कुणीतरी नवं माणूस. "लग्न होऊ दे, मग काढतो," असं माझ्यापाशी उभं राहून म्हणायचे. इंदूबाईंनी एकदा विचारलं, "ते सगळं कुठं ठेवलं जी?" तर म्हणाले, "ठेवलं एका जागी." इंदूबाईंना वाटलं, वाडीला गोदामात नेलं असेल. यापेक्षा जास्त कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घरीच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. होळी झाली आणि ऊन एकदम अंगावर आलं. सकाळी नागसेनभाऊ कुहीच्या मंडळींना घर दाखवायला मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. इकडं इंदूबाईंच्या मनात आलं, पाहुणे घामाघूम होतील, आज कूलर सुरू करू. त्यांनी गल्लीतून चाललेल्या ताटीवाल्याला हाक मारली. त्याचा सीझन, दहा घरं वाट पाहत होती. त्यानं उभ्या उभ्या जुन्या ताट्या उपसल्या, नव्या ठोकल्या आणि गेला. त्यानं वाकून खाली पाहिलं नाही. इंदूबाईंनी वरून नळाचा पाइप माझ्यात सोडला आणि पुऱ्या लाटायला आत गेल्या. त्यांचाही दोष नाही. कूलरमध्ये पाणी सोडताना कोण आत डोकावतं? तुम्ही डोकावता?

पाणी आलं. आधी पेपर भिजला, मग मासिकं, मग ओढणीची गाठ. मी ओरडायला हवं होतं. जन्मभर नको तेव्हा घडघड केली, आणि जेव्हा ओरडायचं तेव्हा माझा प्लगसुद्धा लावलेला नव्हता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही. पाणी वह्यांच्या वर गेलं. निळी शाई आधी कडांनी सुटली, मग पानापानांतून. गोविंदा, त्याचा ट्रक, त्या वस्तीतली लग्नं, सगळं माझ्या टाकीत विरघळत होतं. मग इंदूबाईंनी येऊन बटण दाबलं. पंपानं ते पाणी वर चढवलं. ताट्यांवरून फिकट निळे ओघळ यायला लागले आणि खोली गार झाली.

मंडळी आली. पंचवीस-तीस माणसं, 'जय भीम, जय भीम', चपलांचा ढीग, पोरांचा गोंधळ. "वा! काय थंडगार हाये!" म्हणत सगळे माझ्यापुढं दाटीनं बसले. सगळ्यात शेवटी नागसेनभाऊ दारात आले. माझा आवाज ऐकला आणि ते उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, ती नजर मी विसरू शकत नाही.

बुद्धवंदनेसाठी मला बंद करण्यात आलं. सगळे हात जोडून उभे राहिले. नागसेनभाऊंना माझ्याजवळच जागा मिळाली होती, दोन हात अंतरावर. खोली शांत होती आणि माझ्या तळातून थेंब गळत होते. टप. टप. खिडकीच्या कठड्यावर निळं पाणी साचत होतं. त्यांनी ते पाहिलं. अजून वेळ गेलेली नव्हती. मधली पानं तेवढी भिजलेली नसतील, आत्ता काढून उन्हात पसरली असती तर अर्धी गोष्ट वाचली असती. मी मनात म्हणत होतो, बोला, आता बोला, 'थांबा, माझ्या वह्या आहेत आत' एवढंच म्हणा. त्यांनी समोर पाहिलं. भावना पांढऱ्या साडीत डोळे मिटून उभी होती, बाजूला रोशन, पलीकडे देवकीबाई. भर साक्षगंधात नवरीचा बाप कूलर उघडून आतून ओल्या वह्या उपसतोय, हे त्या सगळ्यांना कसं दिसलं असतं, ते त्यांना माहीत होतं. एकदा पोरीचं स्थळ मोडलेलं होतं.

वंदना संपली. मागून कुणीतरी म्हणालं, "नागसेनभाऊ, लावा ना जी कूलर. जीव चालला गर्मीनं."

बटण त्यांच्याच हाताशी होतं. त्यांनी स्वतः दाबलं.

एक तास मी चाललो. ते समोर बसून सगळ्यांना सरबत हवं का विचारत होते. पंपात कागदाचा लगदा अडकायला लागला आणि मी हवेबरोबर थेंब फेकायला लागलो. देवकीबाईंच्या पांढऱ्या पदरावर निळा ठिपका पडला. "अवं, हे काय?" त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नागसेनभाऊ हसले. "नव्या ताट्या हायेत जी, रंग सोडून राहिल्या." मग सगळेच हसले. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, जेवणं झाली. फार छान कार्यक्रम झाला असं जो तो म्हणत होता.

चार वाजता मंडळी गेली. नागसेनभाऊंनी मला बंद केलं, बाहेर जाऊन ताटी काढली आणि कोपरापर्यंत हात घालून ती ओढणी बाहेर काढली. भावना पाणी द्यायला आली होती. तिनं ओढणी ओळखली. मग आतलं पाहिलं.

"बाबा... या इथं कशा?"

"मीच ठेवल्या होत्या वं."

"मग मघा सांगितलं काहून नाही?"

"पाहुणे बसले होते ना."

भावना तिथंच खाली बसली. इंदूबाई धावत आल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "पाणी म्याच सोडलं! माय माय, म्याच सोडलं!" नागसेनभाऊ इंदूबाईंना समजावत राहिले. "तुले काय माहीत होतं? उगी राय." दोन दिवस त्यांनी पानं गच्चीवर वाळवली. वाळली, पण कोरी होऊन वाळली. कुठं कुठं एखादं अक्षर होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा त्यांनी सगळं स्वतः नेऊन टाकलं.

एप्रिलमध्ये लग्न झालं. भावना कुहीला गेली. आणि नागसेनभाऊ बदलले. आता ते रविवारी रद्दीच्या दुकानात जात नाहीत. कुणाला पत्र लिहीत नाहीत. समोरच्या गृहस्थांकडे मॅच बघायला जाऊन बसतात, भाजीचे भाव बोलतात, कुणी हसलं की हसतात. गल्लीतले म्हणतात, "नागसेनभाऊ आता लायनीवर आले." इंदूबाईंना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, हेच तर त्या वर्षानुवर्षं मागत होत्या. पण रविवारी दुपारी त्या माझ्यापुढं आडव्या होतात आणि त्यांना झोप लागत नाही. या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतात.

भावनानं सासरी सगळं सांगून टाकलं. मे महिन्यात ती, रोशन आणि देवकीबाई भेटायला आले. देवकीबाईंनी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात घेतला नाही, आधी बोलून घेतलं.

"भाऊ, हे काय लपवायची गोष्ट होती? अहो, रोशनचा बाप बांधीतल्या धानाशी बोलते! 'काहून रे बाबू, पाणी पायजे का,' असं विचारते रोपाले. सारं गाव पाहते. म्या लपवलं का त्याले? ज्याच्या त्याच्या डोक्यात काही ना काही असतेच जी. आम्ही का त्यापायी पोरगी सोडली असती?"

नागसेनभाऊ मान खाली घालून ऐकत होते. रोशन म्हणाला, "मामाजी, सांगा ना, कोणती कहाणी होती?"

"काही नाही गा," ते म्हणाले. "टाइमपास होता."

तीस वर्षं, सहा वह्या, आणि म्हणे टाइमपास! माझा पंखा गरगरत होता म्हणून कुणाला कळलं नाही, पण मी आतून हललो.

भावना त्यांच्याजवळ सरकली. "बाबा, गोविंदाचा ट्रक बंद पडला होता. मी तिथवरच ऐकलं होतं. पुढं काय झालं? वस्ती थांबली का त्याच्यासाठी?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आठवत नाही वं."

खोटं! सपशेल खोटं, मित्रांनो. त्यांना शब्द न् शब्द पाठ आहे, मलाही आहे. वस्ती थांबली होती. आधी मागचा एक ट्रक थांबला, मग त्याच्या पुढचा, आणि असं करत करत सगळी रांग थांबली. मागून ऊन येत होतं तरी. माणसांनी दोर बांधले आणि गोविंदाचा ट्रक ओढत सावलीत आणला. एवढी माणसं आहेत या घरात, पण हे फक्त एका टिनाच्या डब्याला ठाऊक आहे, आणि त्याला घडघडीशिवाय काही बोलता येत नाही.

तेवढ्यात इंदूबाई उठल्या आणि त्यांनी मला बंद केलं. मे महिना, दुपारचे दोन. बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं.

"आता बोला जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता आवाज नाही होत. मी बी ऐकते. नाही झोपत मी."

खोली तापायला लागली. देवकीबाईंच्या कपाळावरून घाम निघाला. रोशनचा शर्ट पाठीला चिकटला. कुणीच 'कूलर लावा' म्हणालं नाही. सगळे नागसेनभाऊंच्या तोंडाकडे पाहत होते. भावनानं त्यांचा हात धरला होता. ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मान पुसली.

"लाव वं इंदू," ते हळूच म्हणाले. "पाहुण्यांले गर्मी होऊन राहिली."

इंदूबाई बराच वेळ बटणावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी दाबलं. भावना रडत होती. माझ्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मित्रांनो, मला भाषण येत नाही. माझी ताटी वर्षातून एकदा बदला, टाकी धुवा, पाणी सोडण्याआधी आत एकदा बघा, एवढं मी माझ्यासाठी मागतो. पण तुमच्या घरात कुणी असं असेल, ताऱ्यांबद्दल बोलणारं, नसलेल्या माणसांची काळजी करणारं, पाहुण्यांसमोर भलतंच काही विचारणारं, तर त्याला चारचौघांसारखं व्हायला सांगू नका. ती आपलीच माणसं असतात हो. आपण सांगितलं की ती ऐकतात.